आमची पेठ आणि मागच्या खोल्या



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे दोन महिने वाचन-लेखन बंद होतं. आता डोळे अगदी स्वच्छ झालेत. इतके, की आरशात स्वतःच्या सुरकुत्याही मोजता येतात! असो.

तर विषय असा. आमचं शिवाजी पेठेतलं माहेरचं घर गेल्या महिन्यात पाडलं. तिथे आता अपार्टमेंट होणार आहे. करार रीतसर झालाय, भावांच्या मुलांना एकेक फ्लॅट मिळणार आहे, कुणाची काही तक्रार नाही. पण भिंतीला जेसीबी लागला त्याचा व्हिडिओ भाच्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि मग आठवणींचा जो पूर आला म्हणता! "काय ते दिवस होते", "दारं कधी बंद नसायची", "एकाच्या घरची आमटी आणि दुसऱ्याच्या घरची भाकरी", "आता फ्लॅटमध्ये शेजारचा मेला तरी कळत नाही". चार दिवस हेच चालू. शेवटी भाचा म्हणाला, "आत्या, तू एवढं लिहितेस, आपल्या गल्लीवर लिही की एकदा. सगळ्यांना आवडेल."

मी बसले. दोन पानं भरभर लिहून झाली. दुसऱ्या दिवशी वाचली आणि फाडून टाकली. त्यात लिहिलेलं खोटं होतं असं नाही. खरंच होतं सगळं. पण ते अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं मला चांगलं माहीत असूनही मी लिहिलं नव्हतं.

माझा जन्म १९५१ चा. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं, त्याला जेमतेम दोन वर्षं झालेली. घरातली मोठी माणसं "सरकारच्या वेळी" म्हणायची, ते संस्थानाच्या सरकारबद्दल. आमचं घर वरुणतीर्थ वेशीपासून चालत पाच मिनिटांवर. दगडी जोतं, वर मातीच्या भिंती, खापरी कौलं. एका चौकाभोवती सहा बिऱ्हाडं. त्यातली तीन आमच्याच भाऊबंदांची, तीन भाड्याची.

माझे भाऊ ज्या पेठेची आठवण काढतात ती पेठ मलाही दिसायची, पण खिडकीतून. पहाटे तालमीत जोर-बैठका, संध्याकाळी कट्टा, आणि फुटबॉल! आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ सामना असला की दोन दिवस आधीपासून सख्खे मावसभाऊ एकमेकांशी बोलायचे नाहीत. तालमीत गणपतीही बसायचा आणि मोहरमला पंजेही बसायचे. तीच माणसं दोन्हीची वर्गणी काढायची, आणि यात काही विशेष आहे असं कुणाला वाटतही नव्हतं. (हल्ली या गोष्टीवर भाषणं होतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.) दिवाळी पाडव्याला गवळी लोक म्हशी सजवून रस्त्यावर आणायचे. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, आणि मालकाच्या मागे त्या हत्तीएवढ्या म्हशी धावत यायच्या. आम्ही मुली ओसरीवरून बघायचो.

आम्हां मुलींच्या वाट्याला मिरवायचा म्हणून एकच दिवस यायचा, तो त्र्यंबोलीच्या यात्रेचा. आषाढात नदीला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतून पंचगंगेचं पाणी कलशात भरून टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं आणि देवीच्या पायरीवर ओतायचं. पुढे पी-ढबाक वाजणार, मागे डोक्यावर कलश घेतलेल्या मुली. कलशात लिंबाचे डहाळे. मान जराही हलवायची नाही. माझ्या मानेवर ते ओझं अजून आहे, आणि खोटं कशाला बोलू, ते सुखाचं ओझं होतं. नववीत गेल्यावर आई म्हणाली, "आता पुरे." मग तेही संपलं.

पण बायकांची खरी पेठ म्हणजे नळकोंडाळं.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, नळकोंडाळं म्हणजे सार्वजनिक नळ. चौकोनी दगडी कट्टा, मध्ये खांब, त्याला दोन-तीन तोट्या. आमच्या लहानपणी घरात नळ असलेली घरं पेठेत बोटांवर मोजण्याइतकी. पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि सातच्या आत जायचं. नंबर लावायला माणूस उभं असायची गरज नव्हती. रात्रीच घागर नेऊन ठेवायची. ज्यांना घागरीची काळजी वाटायची त्या फुटकी बादली, तेलाचा डबा, नाहीतर नुसता दगड ठेवायच्या. कुठला दगड कुणाचा ते सगळ्यांना पाठ. "वैनी, तुमचा दगड पुढं सरकवलाय हं," असं सांगून शेजारीण हाक मारायची. आणि कुणी दुसरीचा दगड मागे सारला की मग जे भांडण व्हायचं! शाळेत मी पुढे तेहतीस वर्षं मराठी शिकवलं, पण म्हणी आणि वाक्प्रचार म्हणाल तर माझी पहिली शाळा तीच.

नळावर काय नसायचं? कुणाचं लग्न ठरतंय, कुणाची सून चार महिने माहेरी का राहिलीय, कुणाच्या घरात रात्री चूल पेटली नाही, सगळं कळायचं. आणि कळलं की नुसतं कळून राहायचं नाही. चूल पेटली नाही त्या घरी "जरा जास्तच झालंय" म्हणून भाकऱ्या जायच्या. देणारीही खोटं बोलायची, घेणारीही. कुणाचा मान जायचा नाही. हे मी स्वतः केलेलं आहे, पदराखाली ताट झाकून. तेव्हा ग्रुपवर माझे भाऊ-भाचे लिहितात ते खोटं आहे असं मी कसं म्हणू?

आता फाडलेल्या पानांत जे नव्हतं ते.

आमच्या घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. धाकट्या काकूचे दिवस भरले होते. पन्हाळ्याकडच्या खेड्यातली ही, पंधराव्या वर्षी लग्न होऊन आलेली. पहाटे नळावर पाणी भरताना तिला कळा सुरू झाल्या. नळावरच्या बायकांनी तिला धरून घरी आणलं, एकीने सुईणीला बोलावलं, दुसरीने तिच्या राहिलेल्या घागरी भरून आणून ठेवल्या. सूर्य उगवायच्या आत माझा चुलत भाऊ जन्माला आला. तो आता एकोणसत्तर वर्षांचा आहे आणि ही गोष्ट तोच सगळ्यात रंगवून सांगतो. शेवटी ठरलेलं वाक्य, "काय माणसं होती ओ तेव्हाची!"

खरंच होती. पण पासष्ट-सत्तर वर्षांत आमच्या घरात एकालाही असा प्रश्न पडला नाही, की नऊ महिने भरलेली बाई पहाटे पाच वाजता दोन घागरी घेऊन नळावर का उभी होती? घरात त्या वेळी चार धडधाकट पुरुष झोपले होते. त्यातले दोघे पुढच्या तासाभरात उठून तालमीत जोर काढणार होते! मलाही हा प्रश्न लवकर पडला असं नाही. मला तो पडला तेव्हा मी साठीची होते, आणि काकू जाऊन सहा वर्षं झाली होती.

पाण्यानंतर धुणं. रंकाळ्यावर धुण्याची चावी म्हणून जागा आहे, तिथे मोटली डोक्यावर घेऊन जायचं. हिवाळ्यात बोटं फुटायची. त्यानंतर सहा बिऱ्हाडांत एक परसदार. तिथे टोपलीचा संडास होता. ते साफ करायला एक बाई यायची, मागच्या बोळातून. पुढच्या दाराने तिला कधी येताना पाहिलं नाही. आई तिला भाकरी द्यायची ती वरून, हातात टाकायची. आई वाईट नव्हती. सगळी गल्लीच तशी द्यायची. तिची दोन मुलं बोळाच्या तोंडाशी बसून आमचा खेळ बघायची. आम्ही त्यांना एकदाही "या" म्हटलेलं मला आठवत नाही. आणि हे कुठल्या गावात? जिथे शाहू महाराज मुद्दाम गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलसमोर गाडी थांबवून चहा प्यायचे, त्या गावात, महाराज जाऊन (१९२२) चाळीस वर्षं होत आलेली असताना. "दारं कधी बंद नसायची" हे वाक्य ग्रुपवर आठ जणांनी लिहिलं. पुढची दारं बंद नव्हती, एवढंच त्यात भर घालून वाचावं.

इथवर वाचून आमचे दादा म्हणतील, "झालं हिचं सुरू." दादा, जरा दम धरा. मी पेठेला नावं ठेवायला बसलेले नाही. मला त्याहून अडचणीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती माझी स्वतःची आहे.

आम्ही शिरोलीला १९८४ साली आलो. ह्यांची नोकरी इथल्या एका फाउंड्रीत, पॅटर्न शॉपमध्ये. सांगली फाट्याच्या अलीकडे-पलीकडे तेव्हा बरीच मोकळी जागा होती. मी शाळेला रोज एसटीने किंवा केएमटीने जायची. कोल्हापुरात ऑइल इंजिनापासून सुरू झालेला हा लोखंडाचा धंदा उद्यमनगरातून वाढत वाढत शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत पसरला. रेतीचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, कास्टिंग गार झालं की घासायचं. भट्टीपुढचं काम काय असतं ते ह्यांच्या शर्टाला पडलेल्या भोकांवरून मला कळायचं. सुरुवातीला या कामावर आसपासच्या गावांतली माणसं असायची. हळूहळू त्यांची मुलं शिकली, दुसरीकडे लागली, आणि भट्टीपुढे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची माणसं आली.

आमच्या घरामागे एकाने त्यांच्यासाठी खोल्या बांधल्या. दहा बाय दहाच्या आठ खोल्या, वर पत्रा, दोन संडास, आणि बाहेर मधोमध एक नळ. काही खोल्यांत पाच-सहा पुरुष एकत्र, काहींत कुटुंबं.

२०१८ सालची गोष्ट. त्या वर्षी मी "नळकोंडाळं" नावाचा एक लेख लिहून एका दिवाळी अंकाला पाठवला होता. (आला नाही छापून. बरं झालं.) त्यात पहाटेचा घागरींचा नाद, बायकांचं हसणं, भांडणं, सगळं रंगवून लिहिलं होतं. हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, झोप कमी झाली होती. मागच्या नळावर पहाटे साडेचारपासून बादल्यांचे आवाज, बायकांची मोठमोठ्याने बोलणी, मध्येच भांडण. माझी झोपमोड व्हायची. मी खोल्यांच्या मालकाला फोन केला आणि चांगलं खडसावलं. शिक्षिकेचा आवाज, तो तरी काय बोलणार! दुसऱ्या दिवसापासून त्याने नळाला कुलूप घातलं. सहानंतर उघडायचं.

मला शांत झोप लागू लागली. मंडळी, तो लेख मी त्याच आठवड्यात पूर्ण केला. नळकोंडाळ्यावरचा.

मला तेव्हा त्यात काही विसंगती दिसली नाही. खरं सांगते, जराही नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कोल्हापूरकरांना ते सांगायला नको. पंचगंगा धोक्याच्या पातळीच्या, म्हणजे ४३ फुटांच्या, किती वर गेली होती ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. ट्रकच्या रांगा लागल्या. शहरात सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. मुलगा पुण्यात, तो येऊ शकत नव्हता. आमच्याकडे वीज गेली, नळ बंद झाला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मी जपून वापरलं, तरी तिसऱ्या दिवशी संपलं. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे असे. मी काय करावं हे न कळून मागच्या खोलीत बसले होते.

तेवढ्यात मागच्या फाटकावर कुणीतरी वाजवलं. ते फाटक मी कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं. कडी गंजून बसली होती, वरवंट्याने ठोकून काढावी लागली. बाहेर खोल्यांतली एक बाई कळशी घेऊन उभी. "अम्मा, पानी है आपके पास?" मला आधी वाटलं, मागायला आलीय. मी म्हटलं, नाही बाई, माझंच संपलंय. ती म्हणाली, "वही तो पूछ रही हूँ." आणि कळशी माझ्या हातात दिली.

पलीकडे एक जुना हातपंप होता, तो त्यांनी चालू केला होता. दुसऱ्या दिवशी मी बादली घेऊन स्वतःच गेले. मोठी रांग. माझ्याकडून उभं राहवेना. ती म्हणाली, "बाल्टी रख दो अम्मा, नंबर लग गया." माझ्या आधी एक फुटका टब होता, त्याच्या आधी रंगाचा डबा, आणि त्याच्या आधी... एक दगड. कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं.

मी घरी येऊन रडले. पुरामुळे रडले असं पोराला फोनवर सांगितलं.

पुढच्या काही दिवसांत जाणं-येणं वाढलं. पहिल्या शिफ्टला नवऱ्यांना सातला पोचायचं असतं, त्याआधी स्वयंपाक, डबा, पाणी, म्हणून त्या साडेचारला उठतात, हे मला कळलं. नळाला कुलूप असताना दोन महिने त्या महामार्गाकडेच्या एका ढाब्यावरून पाणी आणत होत्या, अंधारात, ट्रकवाल्यांच्या नजरा चुकवत. मग पैसे जमवून मालकाला दिले, तेव्हा कुलूप निघालं. मी विचारलं, कुलूप का घातलं होतं? तर म्हणाली, "किसी ने कंप्लेंट की थी." मी गप्प बसले.

गप्प बसले ती मे २०२० पर्यंत. लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद झाले, आणि कोल्हापूर स्टेशनवरून श्रमिक गाड्या सुटू लागल्या. जायच्या आदल्या रात्री ती निरोप घ्यायला आली. फाटकाच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी, तोंडाला फडकी बांधलेली. मी सांगून टाकलं. कंप्लेंट मी केली होती म्हणून. ती म्हणाली, "मालूम था, अम्मा."

एवढंच. रागाने नाही, मोठेपणा दाखवूनही नाही. आणि मग विचारलं, गाडीत खायला चार भाकऱ्या मिळतील का, कोल्हापूरच्या ज्वारीच्या, मुलांना आवडतात.

त्यानंतर कित्येक महिने पहाटे मागे एकही आवाज नव्हता. मला झोप लागायची नाही.

आता माझं मत. ग्रुपवर जे म्हणतात की ती माणसंच आता राहिली नाहीत, ते मला मान्य नाही. माणसं आहेत. आठ खोल्या, एक नळ, दोन संडास, अपुरा पगार, गावापासून लांब, असं जिथे जिथे आहे तिथे तिथे आपली पेठ आजही चालू आहे. आपल्या पेठेत माणसं एकमेकांच्या उपयोगी पडायची, कारण पडावं लागायचं. माझी चूल आज पेटली नाही, उद्या तुझी पेटणार नाही. हा हिशेब होता, आणि तो लाजिरवाणा हिशेब नव्हता. पण आपण त्याला संस्कार म्हणतो, जुन्या काळचा चांगुलपणा म्हणतो, आणि मग आजच्या पिढीला नावं ठेवतो. माझ्या भाचेसुनेच्या फ्लॅटमध्ये चार ठिकाणी नळ असणार आहेत. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं तेव्हा पेठेतल्या किती म्हाताऱ्यांनी टोपीतून, पदरातून डोळे पुसले असतील! ती शेजारणीकडे पाणी मागायला जात नाही म्हणून ती माणूसघाणी ठरत नाही. तिला गरज नाही. काकूला जर घरात नळ मिळाला असता, तर तिने नळकोंडाळ्याकडे वळून तरी बघितलं असतं का? तिला विचारायला हवं होतं.

मागच्या खोलीतल्या त्या बाईला मी विचारलं. ती २०२१ मध्ये परत आली, नवरा त्याच फाउंड्रीत लागला. मी म्हटलं, तुमच्यात केवढी एकी आहे, किती छान वाटतं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी वर्गात चुकीचं उत्तर दिलेल्या पोरासारखी झाले. म्हणाली, "अम्मा, एक नल मिल जाए अपना, अंदर, दरवाज़ा बंद करके नहाऊँ, बस. एकी का क्या करना है." आणि खोकत खोकत हसली.

तिचं बरोबर आहे. मला तिची ती एकी बघायला आवडते, कारण मी ती फाटकाच्या अलीकडून बघते. जशी माझ्या भावांना पेठ आवडते, कारण त्यांनी ती कट्ट्यावरून बघितली. म्हणून मला पेठ परत यायला नको आहे. कुणासाठीच नको. त्या आठ खोल्यांत आठ नळ आले पाहिजेत, आणि मालक ते घालत नसेल तर आपण शेजाऱ्यांनी त्याच्यामागे लागलं पाहिजे. फोन करून खडसावायचा आवाज माझ्याकडे अजून आहे. गेल्या उन्हाळ्यात तीनदा केला. दुसरी तोटी आली. बाकीचं चालू आहे.

दादांचा एक आक्षेप मला आधीच कळलाय, कारण फोनवर होऊन गेलाय. "आपली पेठ कुठं आणि त्या परप्रांतीयांच्या खोल्या कुठं! तुलना तरी कशाला?" दादा, आपली काकू कुठली होती? पन्हाळ्याकडची. भाड्याच्या बिऱ्हाडातला तो सोनारकाम करणारा? बेळगावकडचा. तो कन्नडमध्ये मोजायचा, तुम्हीच त्याची नक्कल करायचात. कोल्हापूरच्या तालमीत पंजाबातून पैलवान येऊन राहायचे, ते तुम्हाला चालायचे, नुसते चालायचे नाहीत, त्यांना बघायला तुम्ही शाळा बुडवायचात. पेठ बाहेरून आलेल्यांचीच झालेली होती. फक्त त्यांना येऊन आपल्याहून जास्त वर्षं झाली होती.

आणि भाषेचं म्हणाल, तर खोल्यांतली एक मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आता दहावीला आहे. संध्याकाळी माझ्याकडे मराठीच्या शंका विचारायला येते. परवा तिने मला विचारलं, "बाई, कर्मणी आणि भावे प्रयोगातला फरक परत सांगा ना." माझ्या पुण्याच्या नातवाला मी प्रयोग म्हटलं तर तो सायन्सची वही काढतो! गेल्या कार्तिकात छठ पूजेला मी त्यांच्याबरोबर पंचगंगेवर गेले होते. कमरेएवढ्या पाण्यात सूप घेऊन उभ्या असलेल्या बायका बघताना माझी मान आपोआप ताठ झाली, डोक्यावर कलश असल्यासारखी.

आठवणी काढू नका असं मी म्हणत नाही. मी तर रोज काढते, या वयात दुसरा उद्योग काय! पण भाचा दिवाळीत घराच्या आठवणींचा कार्यक्रम करणार आहे, हॉल घेऊन, पडद्यावर जुने फोटो दाखवून. फोटो मी बघितले. एकशे दहा फोटो आहेत. तालीम आहे, कट्टा आहे, फुटबॉलची टीम आहे, आजोबा फेट्यात आहेत. काकूचा एक आहे, लग्नातला, मान खाली. नळाचा एकही नाही. परसदाराचा नाही. त्या बोळातल्या बाईचा असणं शक्यच नव्हतं. मी त्याला म्हटलंय, मला दहा मिनिटं दे, फोटो नसले तरी मी बोलते. तो म्हणाला, "आत्या, पण जरा हलकंफुलकं हं." बघू.

घर पाडायच्या आधी त्याने सगळ्यांना विचारलं होतं, कुणाला आठवण म्हणून काय हवंय. दादांनी दाराची कडी नेली, धाकट्याने देवळीतली दगडी पणती. मी म्हटलं, चौकातल्या मोरीजवळ घागरी ठेवायचा दगड आहे, तो दे. लांबट काळा दगड, घागरी ठेवून ठेवून त्याला तीन खळगे पडलेत. तो म्हणाला, "आत्या, तो क्विंटलभर असेल!" तरी पाठवला. टेम्पोवाल्याने आठशे रुपये घेतले आणि दगड फाटकाशीच टाकून गेला, मागच्या, वाटेतच. आता त्याच्यामुळे ते फाटक धड लागत नाही. चार माणसांशिवाय हलणार नाही. खोल्यांतली पोरं रविवारी सुट्टी आहे तेव्हा येतो म्हणालीत, नळाजवळ नेऊन ठेवायला.